हलणारी चित्रे आणि जिवंत चित्रे

डोळ्यांनी पाहावयाच्या कलेविषयी कानांशी बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. तथापि ज्या गुणाविषयी मला आज बोलावयाचे आहे, तो डोळ्यांना दिसतो त्याहून मनाला अधिक जाणवतो. म्हणून आकाशवाणीवरून त्याची चर्चा करणे अगदीच अस्थानी ठरू नये. चित्रात प्राण असतो म्हणजे नेमके काय असते, आणि तो नसतो तेव्हा काय नसते, हा तो प्रश्न. प्रश्न जुना आहे. पण कृत्रिम बुद्धीची यंत्रे जाहिरातींची चलच्चित्रे तयार करू लागल्यापासून तो प्रदर्शनांच्या दालनांतून उठून आपल्या माजघरात येऊन बसला आहे.

ज्याला जगभर ॲनिमेशन म्हणतात, त्याला आपण मराठीत सचेतनीकरण म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ प्राण, श्वास असा आहे. मराठी शब्दात चेतना आहे. दोन्ही शब्द घडविणाऱ्यांनी गतीचे नाव घेतले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गती काय, वाऱ्याने उडणाऱ्या पाचोळ्यालाही असते. या कलेकडून त्यांची अपेक्षा अधिक होती. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत मूर्ती घडते, वाळते, रंगते. पण डोळ्यांची आखणी व्हावयाची असते तोवर ती केवळ माती असते. ते काम म्हणून जाणत्या हाताकडे जाते. कागदावरच्या रेषेला डोळे उघडावयास लावणारा चित्रकार हा त्या मूर्तिकाराचाच भाऊबंद होय.

आता घडले काय ते पाहू. १९९५ साली कोका-कोला कंपनीने नाताळासाठी एक जाहिरातपट काढला होता. बर्फाळ रात्र आहे, आणि दिव्यांनी लखलखणाऱ्या तांबड्या मालमोटारींची रांग एका गावाकडे चालली आहे, एवढीच त्यातली कल्पना. पाश्चात्त्य देशांत ती इतकी लोकप्रिय झाली की, त्या मोटारी दिसल्या की नाताळ आला असे पुष्कळांना वाटू लागले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने तेच दृश्य कृत्रिम बुद्धीकडून नव्याने करवून घेतले. चित्र झगझगीत होते; बर्फ होता, दिवे होते, हसरे चेहरे होते. पण लक्षपूर्वक पाहणाऱ्यांना दिसले की, मोटारींची चाके नीट फिरत नाहीत, गाडी बर्फावरून नुसती घसरत पुढे सरकते. आणि चेहऱ्यांवरचे हसू कोठून आले व कोठे गेले याचा पत्ता लागत नाही. २०२५ मध्ये कंपनीने पुन्हा तसाच प्रयोग केला. या वेळी माणसांऐवजी निरनिराळे प्राणी त्या मोटारींकडे कौतुकाने पाहत होते. या दुसऱ्या खेपेस सत्तर हजारांहून अधिक तुकडे यंत्राकडून काढून घेऊन त्यांतून निवड करावी लागली, असे वृत्तपत्रांत छापून आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नेदरलँड्समधील मॅकडोनल्ड्सने तर यंत्राकडून केलेली आपली नाताळची जाहिरात लोकांच्या नापसंतीमुळे मागे घेतली.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ ची ती मोटारींची जाहिरात एका बाजार-चाचणी संस्थेने सामान्य प्रेक्षकांना दाखविली, तेव्हा त्यांनी तिला फार वरचे गुण दिले. म्हणजे चित्रकारांना आणि रसिकांना जे खटकले, ते सर्वांनाच खटकले असे नाही. हा पुरावा मला गैरसोयीचा आहे. पण त्याचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या जाहिरातीतील मोटारी, दिवे, गाणे, रात्र हे सारे १९९५ चेच होते. प्रेक्षकांच्या मनात जे उमलले, ते जवळजवळ तीस वर्षांपूर्वी माणसांनी पेरून ठेवलेले होते. वाडवडिलांच्या पेढीवरची हुंडी वटली, यावरून नातवाच्या कमाईचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे वळू. रेषेत प्राण येतो तो कोठून? श्रोतेहो, क्षणभर डोळे मिटून एक दृश्य कल्पावे. एक बाई विहिरीच्या काठावर ठेवलेली पाण्याची घागर उचलते आहे. घागर भरलेली असेल तर ती आधी दोन्ही पाय रोवील, खाली वाकताना श्वास किंचित रोखील, घागरीला हात लागल्यावरही एक क्षण काहीच हलणार नाही; मग खांदे आधी ताठ होतील, आणि घागर मागाहून उठेल. कमरेवर येताच देह दुसऱ्या बाजूला कलेल. तीच घागर रिकामी असेल तर यांतले काहीच घडणार नाही. आणि ती भरलेली आहे असे समजून बाईने जोर लावला, पण निघाली रिकामी, तर हात भस्सकन वर जाईल, आणि पाहणारा हसेल. कागदावरच्या घागरीला वजन नसते. चित्रकार ते बाईच्या पाठीतून, खांद्यांतून आणि त्या एका न हलणाऱ्या क्षणातून दाखवितो.

वॉल्ट डिस्नेच्या चित्रशाळेत आयुष्य घालविलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा चित्रकारांनी १९८१ साली एक मोठा ग्रंथ लिहून या विद्येची बारा तत्त्वे मांडली. कृतीपूर्वीची तयारी, आघाताने होणारे दबणे व ताणणे, हालचालीचा वेग आणि विराम अशी ती तत्त्वे आहेत. त्यांच्या परंपरेत नवशिक्याला पिठाचे अर्धे भरलेले पोते काढावयास देत. त्या पोत्याला तोंड नाही, हात नाहीत, डोळे नाहीत. तरी ते आनंदी आहे की दुःखी, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. या साऱ्या शिक्षणाचे सार मला एका शब्दात सांगता येईल, आणि तो शब्द 'म्हणून' हा आहे. घागर भरलेली आहे, म्हणून पाठ वाकली. पोते दमले आहे, म्हणून त्याचे कोपरे लोंबले. प्रत्येक रेषेच्या मागे एक 'म्हणून' असतो, आणि तो कोणीतरी ठरविलेला असतो.

पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. हाताने काढताना पुष्कळदा एक चित्र दोनदा वापरून बारांवर भागवितात. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला काटकसर करूनही तीनशे साठ चित्रे लागतात. तितक्या वेळा कोणीतरी कागदाशी थबकून विचारलेले असते: आता पुढे काय, आणि का? या तीनशे साठ लहानशा निर्णयांची बेरीज पडद्यावर आपल्याला जीव म्हणून जाणवते.

यंत्राची रीत निराळी आहे. दूरदर्शन संचावर चित्र येईनासे झाले की पूर्वी मुंग्यांसारख्या ठिपक्यांची गर्दी दिसे. साधारण तशाच निरर्थक ठिपक्यांपासून यंत्र आरंभ करते. अगणित चित्रे आणि चित्रफिती त्याला आधी दाखविलेल्या असतात. त्यांवरून कोणत्या शब्दांच्या सोबतीने कोणते आकार बहुधा येतात, आणि एका आकारानंतर कोणता आकार बहुधा येतो, याचे गणित त्याने साठविलेले असते. त्या गणिताच्या आधारे ते ठिपक्यांतला गोंधळ पायरीपायरीने कमी करीत नेते, आणि अखेरीस मालमोटार दिसू लागते. ही करामत लहान नाही. तिच्यामागे मोठी बुद्धी वेचलेली आहे. पण त्या यंत्राच्या ठायी चाक नाही, आस नाही आणि रस्ताही नाही. मोटारीच्या खाली बहुधा काळसर वर्तुळे असतात, एवढेच त्याला ठाऊक. चाक फिरते म्हणून गाडी पुढे जाते, हा संबंध त्याला कोणी सांगितलेला नाही, आणि सांगूनही तो त्याला आपल्याप्रमाणे कळेल असे नाही. कलावंत 'म्हणून'ने चालतो, यंत्र 'बहुधा'ने चालते. घसरणारी चाके हा या फरकाचा एक ढोबळ पुरावा होय. उद्या यंत्र अधिक शिकेल आणि चाके फिरतीलही. पण चाके फिरली तरी, ही मोटार आज गावात उशिरा पोहोचत आहे की वेळेवर, चालकाला घरची ओढ आहे की नाही, हे त्या फिरण्यात उतरावयाचे तर ते आधी कोणाच्या तरी मनात असावे लागेल.

यावर कोणी म्हणेल की, हा केवळ जुन्या हत्यारांचा मोह आहे. संगणक आला तेव्हाही असाच ओरडा झाला होता. हा आक्षेप मला मान्य नाही. १९८६ साली जॉन लॅसेटर यांनी संगणकावर दोन टेबलदिव्यांचा एक लहानसा चित्रपट केला. एक दिवा मोठा, एक छोटा. दोघांनाही चेहरा नाही. छोटा चेंडूशी खेळतो, चेंडू फुटतो, आणि त्याची मान खाली जाते. पाहणाऱ्याला ते बाप-लेक वाटल्यावाचून राहत नाहीत. तेथे संगणकाने रेषा आखल्या, प्रकाश टाकला; पण मान केव्हा खाली जावी आणि किती वेळ खालीच राहावी, हे माणसाने ठरविले. तेव्हा वाद हत्याराशी नाही. निर्णय कोणाचा, एवढाच वाद आहे.

आणि जिवंतपणा हा चित्रांच्या गुळगुळीतपणावर अवलंबून नसतो, याची साक्ष आपल्याच देशात आहे. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने 'एक अनेक और एकता' हा छोटा सचेतनपट काढला. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे या मुंबईत जन्मलेल्या मराठी बाई. चित्रांचे काम भीमसेन यांचे. पुढे दूरदर्शनने तो घरोघरी पोहोचविला. जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी आणि जाळे कुरतडणारे उंदीर ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्या पटातील चित्रे मोजकी, रंग सपाट, हालचाल काटकसरीची. आजच्या यंत्राच्या झगमगाटापुढे तो अगदी साधा दिसेल. तरीही त्या काळी लहान असलेल्या कोणालाही विचारावे. ते पक्षी त्याच्या डोळ्यांसमोर अजून उडतील. कारण त्यांतला प्रत्येक पक्षी उडतो तो काहीतरी समजून उडतो.

जाहिरातींच्या क्षेत्रातही अशी उदाहरणे आहेत. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी पापड लाटण्याचा जो उद्योग आरंभिला, तो पुढे लिज्जत या नावाने देशभर गेला. दूरदर्शनवरची त्याची जाहिरात ज्यांनी पाहिली, त्यांना पापडाआधी खदखदून हसणारा ससा आठवतो. तो ससा म्हणजे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची बाहुली. बाहुली ती बाहुलीच, हे लपविण्याचा तेथे कोणताही प्रयत्न नव्हता. परंतु आत हात होता, मागे आवाज होता; आणि एका हसण्याने तो ससा घरचा झाला. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे कळसूत्री बाहुल्या नाचविणारे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आले, तेच येथे पापडाच्या निमित्ताने घडले: निर्जीव वस्तूला माणसाने आपला थोडा जीव उसना दिला.

दुसरे उदाहरण याहून चमत्कारिक आहे. २००९ च्या क्रिकेट-हंगामात व्होडाफोन कंपनीच्या जाहिरातींत झूझू नावाचे पांढरे, अंड्यासारख्या डोक्यांचे प्राणी आले आणि देशभर लाडके झाले. पुष्कळांची समजूत ती संगणकावर काढलेली चित्रे आहेत अशीच होती. वास्तविक दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला सडपातळ बांध्याच्या नटांना पांढरे पोशाख चढवून, मोठी डोकी बसवून ते चित्रित केलेले होते. चित्रासारखे दिसावे म्हणून माणसांनी आपली चाल बदलली होती. माणसाने चित्राचे सोंग घेतले तर ते जगते, आणि यंत्राने माणसाचे सोंग घेतले तर ते घसरते, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

इंग्लंडमधील निक पार्क यांनी १९८९ मध्ये मातीसारख्या मऊ पदार्थाचे प्राणी करून त्यांच्या तोंडी सामान्य माणसांच्या मुलाखतींतले खरे आवाज घातले. पुढे त्याच धर्तीवर विजेच्या शेगड्यांच्या जाहिराती निघाल्या, आणि त्याही लोकांनी आवडीने पाहिल्या. त्यांच्या चित्रशाळेतील बाहुल्यांवर कित्येकदा घडविणाऱ्यांच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. ते पुसून टाकणे अवघड नव्हते. पण त्या ठशांत पाहणाऱ्याला एक आश्वासन मिळते, की येथे कोणीतरी होते.

आता असा प्रश्न निघेल की, जाहिरात ही काही कलाकृती नव्हे. माल खपविणे हा तिचा हेतू. तिच्यात प्राण असला काय आणि नसला काय? मला उलट वाटते. नाटक पाहावयास आपण आपल्या पायांनी जातो. जाहिरात न बोलावता आपल्या घरात येते. अनाहूत पाहुण्याने निदान हात हलवीत येऊ नये, एवढी आपली अपेक्षा असते. हाताने केलेल्या जाहिरातीत व्यापारी जणू सांगत असतो: तुमचे अर्धे मिनिट मी घेणार आहे, पण त्यासाठी माझ्या माणसांनी आठवडेच्या आठवडे घालविले आहेत. हा एक प्रकारचा आदर आहे, आणि प्रेक्षकाला तो कळतो. व्यापाऱ्याने जे करावयास कोणाचा श्वास रोखला गेला नाही, ते पाहताना आपलाही श्वास रोखला जात नाही. निर्जीवपणाची जी तक्रार लोक करतात, तिच्यात चाकांच्या चुकीइतकाच या हरवलेल्या आदराचाही भाग असावा.

लहान दुकानदाराची गोष्ट वेगळी आहे, हे मी मान्य करतो. ज्या तालुक्याच्या गावातील मिठाईवाल्याला चित्रकार परवडत नव्हता, त्याने यंत्राकडून एखादा नाचणारा पेढा करून घेतला, तर त्याने कोणाच्या पानातले काही ओढून घेतले असे होत नाही. पण ज्यांना शंभर चित्रकार पोसणे शक्य आहे, तेही जेव्हा यंत्राकडे वळतात, तेव्हा नुकसान एका जाहिरातीपुरते राहत नाही.

ते कसे, हे आपल्याच इतिहासावरून दिसते. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्र विभागात डिस्नेच्या चित्रशाळेतील क्लेअर वीक्स हे शिकविण्यास आले. त्यांच्या हाताखाली भारतीय तरुणांनी जातककथेवरचा 'द बनियन डिअर' हा पट केला. त्या शिकाऊ तरुणांपैकी एक राम मोहन. पुढे त्यांनी स्वतःची संस्था काढली, जाहिराती केल्या, सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तील सचेतन भाग केला, जपानी दिग्दर्शकाबरोबर रामायणावरचा चित्रपट केला, आणि कितीतरी शिष्य तयार केले. या कलेतली शिकवण अशीच चालते. मुख्य मुद्रा गुरू काढतो. दोन मुद्रांमधली चित्रे शिष्य भरतो. ही मधली चित्रे काढणे कंटाळवाणे असते, मोबदला थोडा असतो. पण हात आणि डोळा घडतो तो तेथेच. गवयाच्या मागे तंबोरा धरून बसलेला शिष्य वर्षानुवर्षे जे शिकतो, ते हेच. आणि यंत्र सर्वांआधी गिळणार ते नेमके हे मधले काम. मुंबई, पुणे, हैदराबाद येथल्या चित्रशाळांतून अशा कामावर पोट भरून शिकणारी मुले आहेत. त्यांची पायरी काढून घेतली, तर वीस वर्षांनी गुरू कोठून आणावयाचे? यंत्राला दाखवावयाची नवी चित्रे तरी मग कोण काढणार?

या संदर्भात दादासाहेब फाळक्यांचे स्मरण होते. १९१२ साली त्यांना भांडवल हवे होते, आणि चित्रपट म्हणजे काय हे धनिकांना पटवावयाचे होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, आणि रोज थोडेथोडे चित्रण करीत महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीची सोबत केली. पडद्यावर मिनिटभरात बीजाचे रोप झाले. भांडवल मागण्यासाठी केलेला तो पट, एका अर्थी आपल्याकडची एक आरंभीची जाहिरातच म्हणावयाची. आज यंत्राला सांगितले तर तसाच अंकुर ते काही क्षणांत उगवून दाखवील, आणि फाळक्यांच्यापेक्षा हिरवागार दाखवील. फरक इतकाच की त्या अंकुराच्या मागे बीज नसेल, आणि रोज सकाळी कुंडीशी येऊन बसणारा माणूसही नसेल.

यंत्राला शिव्या देऊन काही साधणार नाही. ते आपल्या सांगण्याबाहेर काही करीत नाही. पण पाहणारे म्हणून आपल्या हाती एक गोष्ट आहे. यापुढे एखादी जाहिरात समोर आली, आणि तिच्यातला ससा उडी मारताना किंवा म्हातारी हसताना दिसली, तर तिच्या झगमगाटावर जाऊ नये. तो ससा आताच का उडाला, ती म्हातारी कशाला हसली, एवढे मनाशी विचारावे. उत्तर चित्रातच मिळाले, तर ज्याने ते ठेवले त्याला, त्याचे नाव ठाऊक नसले तरी, मनातल्या मनात दाद द्यावी. या धंद्यातल्या चित्रकारांची नावे जाहिरातीखाली कधी छापली जात नाहीत. त्यांच्या वाट्याला येणारी दाद एवढीच असते.